जुन्या घरातील आतली भिंत काढायची आहे: परवानगी कोणाची आणि कशी घ्यावी?

माजघर | ४ जून, सकाळी १०.१२

नमस्कार. आमचे घर बडोद्यात, दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी ते संस्थानच्या काळात, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांपूर्वी बांधून घेतले. तळमजल्यावर पुढे ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि उजव्या अंगाला न्हाणीघर अशी रचना आहे. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एक सलग भिंत असून तिला दार नाही, त्यामुळे इकडून तिकडे जायचे तर न्हाणीघराजवळच्या बोळातून वळसा घालावा लागतो. सासूबाई गेल्या दिवाळीपासून वॉकर घेऊन चालतात आणि तो वॉकर त्या बोळात अडतो. म्हणून ही भिंतच काढावी, असे आम्ही ठरवले.

ज्या कंत्राटदाराला घर दाखवले, त्याने भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "अंदरनी भींत छे बेन, एमां रजाचिठ्ठी शानी?" म्हणजे आतल्या भिंतीला कसली आली परवानगी? दोन दिवसांत भिंत जमीनदोस्त करून देतो, असेही त्याने सांगितले. त्याच्या या घाईनेच मला शंका आली. माझे प्रश्न दोन आहेत. घराच्या आतली भिंत काढायला खरोखरच कोणाची परवानगी लागत नाही का? आणि लागत असल्यास सुरुवात कोणत्या कार्यालयापासून करावी?

पुणेरी_जोते | ४ जून, सकाळी ११.४०

ताई, काळजी करू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये स्पष्ट अपवाद दिलेला आहे. ज्या दुरुस्तीचा किंवा फेरबदलाचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागावर होतो, तिला विकास परवानगी लागत नाही. वारसा इमारत असेल तरच गोष्ट वेगळी. आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांची एक खोली केली, तेव्हा कोणीही विचारायला आले नाही.

सुरसागर | ४ जून, दुपारी १.०५

कलम आपण बरोबर सांगितले आहे, पण तो कायदा महाराष्ट्राचा आहे आणि ताईंचे घर गुजरातेत आहे. इथे नगररचनेसाठी १९७६ चा गुजरातचा स्वतंत्र अधिनियम आहे, बांधकामासाठी २०१७ ची सर्वसमावेशक विकास नियंत्रण नियमावली आहे आणि महापालिकेसाठी १९४९ चा तो अधिनियम आहे, जो मुळात मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणून आला आणि आता गुजरातच्या नावाने ओळखला जातो. शिवाय "कोणी विचारायला आले नाही" हा परवानगी लागत नसल्याचा पुरावा होत नाही.

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २५४ मध्ये शोधावे. घरात भर घालणे, फेरफार करणे किंवा दुरुस्ती करणे यांपैकी कोणत्या कामांची सूचना आयुक्तांना आधी द्यावी लागते, ते त्यात सांगितले आहे. त्याच्या मूळ मजकुरात भिंत आतली की बाहेरची एवढाच प्रश्न नाही. बाहेरची भिंत, शेजाऱ्याशी सामाईक म्हणजे आपण इथे जिला मजियारी म्हणतो ती भिंत, आणि छपराचा भार घेणारी कोणतीही भिंत, अशा तिन्ही भिंती त्यात येतात. जोत्याच्या वर मोजून अशा भिंतीचा अर्ध्याहून अधिक भाग काढायचा असेल, तर सूचना द्यावी लागते. लाकडी सांगाड्याच्या घरांचा विचार वेगळा केला असून तिथे खांबही मोजले जातात. तेव्हा कंत्राटदाराची थाप पुरेशी नाही. भिंत काय पेलते आहे हे आधी ठरले पाहिजे.

ओळंबा | ४ जून, रात्री ९.३०

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे आणि बडोद्यातील जुन्या घरांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. सुरसागर यांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी फक्त भिंतीबद्दल लिहितो.

दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवीच्या आसपासची त्या काळातली घरे बहुधा दोन प्रकारची असतात. एका प्रकारात जाड विटांच्या भिंतीच वरचा मजला पेलतात. दुसऱ्या प्रकारात सागवानी खांब, त्यांवर तुळवट म्हणजे जाड आडवी तुळई, तुळवटावर कड्या आणि कड्यांवर फळ्यांची पाटणी असा लाकडी सांगाडा असतो, आणि खांबांच्या मधल्या जागेत विटा व चुना भरून भिंत केलेली असते. गिलावा झाला की दोन्ही सारख्याच दिसतात. थाप मारून हा फरक कळत नाही.

आपण घरच्या घरी एवढे करू शकता. स्वयंपाकघराच्या छताकडे पाहा आणि कड्या कोणत्या दिशेने धावतात ते टिपून ठेवा. कड्यांची टोके या भिंतीवर येऊन टेकत असतील, तर वरच्या जमिनीचा भार याच रेषेवर उतरतो. त्यानंतर वरच्या मजल्यावर जाऊन बरोबर याच रेषेवर एखादी भिंत, लोखंडी कपाट किंवा पाण्याची टाकी आहे का ते पाहा. शेवटी भिंतीच्या माथ्याशी, छताखाली वीतभर, दोन-तीन ठिकाणी गिलावा खरवडा आणि आत लाकूड दिसते का ते पाहा. छिन्नी हलक्या हाताने चालवा आणि कंत्राटदाराला त्या दिवशी बोलावू नका.

एक आकडा देऊन थांबतो. बारा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाडीच्या विटांच्या भिंतीचे वजन सुमारे पाच टन भरते. ती आपल्या डोक्यावर काही पेलत नसली, तरी स्वतः एवढी आहे.

मांडवीचा_मुलगा | ५ जून, सकाळी ८.५०

ओळंबा साहेब, राष्ट्रीय इमारत संहितेत पडदी म्हणजे खोल्या विभागणारी पातळ भिंत घालणे, आतली दारे बसवणे, गिलावा, फरशी अशा कामांना परवानगी लागत नाही असे वाचल्याचे आठवते. मग पडदी काढण्याला का लागावी?

ओळंबा | ५ जून, सकाळी ९.४५

तशी यादी संहितेत आहे. मात्र तिच्या वरचे वाक्य लोक वाचत नाहीत. ही कामे संरचनेची स्थिरता, अग्निसुरक्षा आणि आरोग्य यांविषयीच्या तरतुदींचा भंग करत नसतील, तरच ती सूट आहे. साडेचार इंचांची पडदी काढल्याने सहसा काही बिघडत नाही. तुळवटाखालची नऊ इंची भिंत ही पडदी नव्हे.

माजघर | ७ जून, सायंकाळी ६.२०

आपण सांगितल्याप्रमाणे सगळे पाहिले आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

कड्या भिंतीला काटकोनात आहेत आणि त्यांची टोके भिंतीच्याच रेषेवर येतात. वरच्या मजल्यावर माझे दीर राहतात. त्यांच्याकडे बरोबर याच रेषेवर साडेचार इंचांची एक भिंत आहे. ती मूळची नसून, १९७८ मध्ये दोन भावांचे संसार वेगळे झाले तेव्हा घातली, असे सासूबाईंनी सांगितले.

गिलावा चार ठिकाणी खरवडला. भिंतीच्या पूर्ण लांबीभर वर सागाची तुळवट आहे आणि तिच्याखाली भिंतीत बुजलेले दोन खांब आहेत. पश्चिमेच्या टोकापासून एक खांब दोन फुटांवर आणि दुसरा, न्हाणीघराच्या बाजूचा, साधारण दहा फुटांवर आहे. दोन खांबांच्या मध्ये स्वच्छ साडेसात फूट अंतर मिळते. इतकी वर्षे या घरात वावरले, पण भिंतीत खांब आहेत हे मला ठाऊक नव्हते. सासूबाईंना ठाऊक होते. "विचारले असतेस तर सांगितले असते," एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणजे भार खांब पेलतात आणि मधल्या विटा केवळ भरावाच्या आहेत, असे समजावे का? तसे असेल तर खांब ठेवून मधल्या विटा काढता येतील आणि वॉकरला हवी तेवढी जागा सहज मिळेल.

सुरसागर | ७ जून, रात्री ८.१०

तसे असेल तर एक वाट सुचवतो. भिंतीचे क्षेत्रफळ एकशेवीस चौरस फूट, म्हणजे निम्मे साठ. खांबांच्या मध्ये साडेसात फूट रुंद आणि सात फूट उंच एवढीच मोकळी जागा केली, तर साडेबावन्न चौरस फूटच भिंत निघते आणि खांब एकही हलत नाही. कलम २५४ मधल्या अर्ध्याच्या मर्यादेत आपण आरामात राहता.

ओळंबा | ७ जून, रात्री १०.५५

सुरसागर यांची आकडेमोड बरोबर आहे, परंतु मी ती वाट धरू देणार नाही. सात फुटांवर थांबायचे म्हणजे वरचा तीन फूट उंचीचा विटांचा पट्टा साडेसात फुटांच्या मोकळ्या जागेवर लटकता ठेवायचा. त्याचे वजन नऊशे किलोच्या आसपास होते आणि त्याच्याखाली नवा सरदळ, म्हणजे आडवा आधार, घालावा लागतो. नव्वद वर्षांच्या चुन्यातल्या विटा, आणि खालून वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी! केवळ एक अर्ज वाचवण्यासाठी हे करू नये. विटा तुळवटापर्यंत काढाव्यात. तेव्हा पंचाहत्तर चौरस फूट निघतात, अर्ध्याची मर्यादा ओलांडली जाते आणि म्हणून रीतसर सूचना द्यावी.

आता ताईंचा प्रश्न. "विटा भरावाच्या" हे घर बांधले त्या दिवशी खरे होते, आज आहे का ते पाहावे लागेल. लाकडी खांबाचा पाय ओलीने कुजला की खांब दोरा दोन दोरे, म्हणजे अगदी किंचित, खाली बसतो आणि त्याच्या वाट्याचा भार हळूहळू शेजारच्या विटांवर सरकतो. घराला हे कळते, घरातल्यांना कळत नाही. न्हाणीघराच्या बाजूच्या खांबाबद्दल मला विशेष शंका आहे. तिथे भिंतीला खाली लोणा, म्हणजे ओलीमुळे फुटणारा पांढरा क्षार, आला आहे का? सुताराला बोलावून दोन्ही खांबांच्या बुंध्याशी गिलावा काढायला सांगा आणि पटाशीने लाकूड टोचून पाहायला सांगा.

शिवाय वरची १९७८ ची भिंत विसरू नका. तिचे वजन दोन टनांच्या वर जाते. आजवर तुळवटीला खालून सलग विटांचा टेकू होता. त्या निघाल्या की ती साडेसात फूट मोकळी राहील आणि हा भार एकटी पेलेल. थोडी जरी वाकली, तरी दिरांच्या खोलीत भेगा दिसू लागतील.

पुणेरी_जोते | ८ जून, सकाळी ७.३०

कलम ४३ बद्दल मी घाईने लिहिले, ते मागे घेतो. एक मात्र अनुभवाचे सांगतो. कागदोपत्री घर कोणाकोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. आमच्याकडे काम निम्म्यावर आले असताना एका चुलत भावाने हरकत घेतली आणि चार महिने छत टेकूंवर उभे होते.

ग्वाल्हेरची_सून | ८ जून, सकाळी ११.१५

माझे माहेर ग्वाल्हेरचे. तिथल्या जुन्या घरांत कड्यांऐवजी दगडी पट्ट्यांचे छत असते, त्यामुळे भिंत काढण्याचा विचारही कोणी सहज करत नाही. पट्टी वाकत नाही, एकदम तुटते. लाकडी सांगाडा त्या मानाने दयाळू म्हणायचा.

माजघर | ११ जून, दुपारी ४.००

ओळंबा साहेब, आपली शंका खरी ठरली. पश्चिमेचा खांब टणक आहे. तो दगडी उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभा आहे आणि पटाशी त्यावर नुसती वाजते. न्हाणीघराकडच्या खांबात मात्र जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत पटाशी दोन बोटे आत गेली आणि बाहेर काढली तेव्हा तिला भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा भुगा चिकटला होता. खांबाचा पाय आणि उथळा यांच्यामध्ये एका बाजूने पोस्टकार्ड सहज सरकते. लोणा तर कमरेपर्यंत आहे. आम्ही दर दोन वर्षांनी त्यावर रंग देत आलो.

कंत्राटदाराचे ऐकून दोन दिवसांत भिंत पाडली असती तर काय झाले असते, हे सुताराने हाताचा तळवा खाली आणून दाखवले. त्या रात्री सासूबाईंचा पलंग आम्ही ओसरीत हलवला.

आता अंदाज नको, म्हणून महापालिकेकडे नोंदणी असलेल्या एका संरचना अभियंत्याला घर दाखवले आहे. त्यांनी त्याच दिवशी तुळवटीखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लावून घेतले आणि तोवर एकही वीट काढू नये असे बजावले.

सुरसागर | ११ जून, सायंकाळी ७.४५

ताई, एक प्रश्न आम्ही सगळेच विचारायला विसरलो आणि त्यात माझी चूक अधिक आहे. आपली गल्ली रावपुऱ्याच्या बाजूची आहे. तांबेकर वाडा आपल्या घरापासून किती अंतरावर आहे?

बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा तो वाडा, आतल्या भिंतीवरच्या चित्रांमुळे प्रसिद्ध असलेला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे संरक्षित स्मारक म्हणून आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्या १९५८ च्या अधिनियमात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र ठरते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही, पण १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराच्या मालकाला दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. विनियमित क्षेत्रातही दुरुस्ती असो वा नूतनीकरण, अर्ज करावाच लागतो आणि तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणापुढे जातो. अस्तित्वात असलेल्या वास्तूतील फेरबदल, अशी या कायद्यातली दुरुस्ती व नूतनीकरणाची व्याख्या आहे. फेरबदल रस्त्यावरून दिसतो की नाही, याचा तिच्यात उल्लेख नाही. परवानगीविना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

अंतर वाड्याच्या दारापासून नव्हे, तर संरक्षित हद्दीच्या कडेपासून मोजावे.

मांडवीचा_मुलगा | ११ जून, रात्री ९.०५

त्या वाड्यावरून शाळेत जाताना रोज गेलो आहे. त्याच्यामुळे आसपासच्या घरांना कुंपण पडले आहे हे आज कळले.

माजघर | १३ जून, सकाळी १०.३०

नकाशावर मोजले तर अंतर साधारण एकशेसाठ मीटर येते, म्हणजे घर विनियमित क्षेत्रात आहे. अभियंत्यांना हे सांगितल्यावर त्यांनीही मान डोलावली आणि हा अर्ज आधी, महापालिकेची सूचना त्याच्याबरोबर, असा क्रम सुचवला.

मालकीचेही पाहिले. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून सासऱ्यांचेच नाव आहे. वारसाई नोंदवायची राहून गेली. आता सासूबाई, माझे यजमान, दीर आणि दोन नणंदा अशा पाच जणांची नावे चढवण्याचे काम सुरू केले आहे. धाकट्या नणंदबाई नाशिकला असतात, त्यांचे संमतिपत्र टपालाने येईल.

ओळंबा | १३ जून, दुपारी १२.२०

खांबाची दुरुस्तीही त्याच अर्जात घाला. टेकू ही तातडीची सुरक्षितता आहे, पण खांबाचा पाय कापून नवा जोडणे ही दुरुस्तीच आहे. तिचा वेगळा उल्लेख नसेल, तर पुढे प्रश्न निघतो. अर्जासोबत सध्याचा आणि प्रस्तावित असे दोन्ही नकाशे, भिंतीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि खरवडलेल्या गिलाव्याचे जवळून घेतलेले फोटो जोडा. नकाशात खांब ठळक दाखवा आणि ते जागीच राहणार असल्याचे शब्दांत लिहा. अभियंत्याच्या पत्रात नुसते "काम सुरक्षित आहे" असे नसावे. वरचा भार किती, तो काम चालू असताना कशावर राहील आणि नंतर कशावर उतरेल, या तीन गोष्टी त्यात हव्यात.

दोन्ही टोकांची दोन-दोन फूट भिंत मात्र काढू नका. आय. एस. १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात बडोदे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते. २६ जानेवारी २००१ ला आपल्याकडची घरेही हलली होती, हे आठवत असेल. सरळ खाली येणारा भार खांब पेलतात, पण आडवा धक्का बसतो तेव्हा सांगाडा कलू न देण्याचे काम अशाच भिंती करतात.

माजघर | २ जुलै, सायंकाळी ५.१५

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. वारसाईची नोंद होण्यास अपेक्षेपेक्षा कमी वेळ लागला आणि नणंदबाईंचे पत्रही आले. अभियंत्यांनी आराखडा पूर्ण करून दिला असून काल दोन्ही अर्ज दाखल झाले.

त्यात असे ठरले आहे. न्हाणीघराकडच्या खांबाचा कुजलेला दीड फूट भाग कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने बसवायचा आणि त्याच्याखाली ओल धरणार नाही असा नवा दगडी उथळा द्यायचा. न्हाणीघराची गळती त्याआधी बंद करायची, नाही तर नवा तुकडाही तसाच जाईल. तुळवटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने कसायचे, म्हणजे वरच्या भिंतीचा भार एकट्या लाकडावर राहणार नाही. त्यानंतरच विटा, वरून खाली, एकेक थर हातोडी-छिन्नीने काढायच्या. यंत्र लावायचे नाही आणि राडारोडा रोजच्या रोज बाहेर न्यायचा. त्या आधीच्या कंत्राटदाराला हे वाचून दाखवले, तेव्हा त्याने दुसरे काम असल्याचे सांगितले. आता सुतार आणि एक वयस्क गवंडी मिळून काम करणार आहेत.

पश्चिमेच्या दोन फुटांबद्दल घरात निराळाच वाद होता. त्या भागात एक कोनाडा आहे, दिव्याच्या काजळीने आतून काळा झालेला. यजमानांना तो बुजवून भिंत साफ करून हवी होती. ओळंबा साहेबांचे उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले, त्यातले "दोन-दोन फूट भिंत काढू नका" एवढेच त्यांनी दोनदा वाचायला लावले. नकाशावर आता तिथे कोनाडा काढलेला आहे, मापासकट.

ओळंबा | २ जुलै, रात्री ९.४०

कोनाड्याच्या मागे किती इंच वीट उरते तेही मापात लिहा. आणि मंजुरी लेखी हातात येईपर्यंत टेकूंचे स्क्रू दर आठवड्याला एकदा तपासत जा. पावसाळ्यात लाकूड फुगते, त्यामुळे ते ढिले पडतात किंवा जास्त ताणले जातात.